चौथा गिअर आणि बोरघाट

गेल्या वर्षी एका शिक्षक मित्राचा फोन आला. त्यांच्या आजोबांची १९५५ सालची शेवरोले मोटार सदाशिव पेठेतल्या जुन्या घराच्या आवारात बरीच वर्षे झाकून ठेवलेली होती. आता तिची दुरुस्ती काढली होती. ओळखीच्या मेकॅनिकने सुचवले होते, "इंजिन उत्तम आहे. पण गिअरबॉक्स दोनच गतींचा आहे. तो काढून चार गतींचा, ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक बसवू. मुंबईला जाताना इंजिन ओरडणार नाही, पेट्रोलही वाचेल." बाहेरून मागवता येण्याजोगे दोन-तीन गिअरबॉक्स होते. मित्राचा प्रश्न होता, "यातला कोणता घ्यावा?"

मोटारदुरुस्ती हा माझा विषय नाही. पण प्रश्न नीट पाहिला तर तो यंत्रशास्त्राचा जेवढा आहे तेवढाच इतिहासाचाही आहे. चौथा गिअर मोटारीत का आला, केव्हा आला, आणि आधीची साठ-सत्तर वर्षे त्याच्यावाचून का अडले नाही, हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही. त्या शोधात जे हाती लागले ते शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

सायकलचा ओव्हरड्राइव्ह

सुरुवात पुण्याच्या जुन्या वाहनापासून, सायकलपासून करू. पायडलच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. पाय सावकाश फिरतात, पण त्यांना जोर भरपूर असतो. म्हणून सायकलमध्ये फेऱ्या वाढवून घेतात आणि जोर कमी करतात.

मोटारीत उलट असते. पेट्रोल इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्या घेते, पण प्रत्येक फेरीतला पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्या मानाने थोडा. म्हणून तिथे फेऱ्या कमी करून जोर वाढवतात. हे काम दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे गिअरबॉक्स, आणि दुसरे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चक्रे. ॲक्सलचे गुणोत्तर ३.५५ असेल तर लांब शाफ्टच्या ३.५५ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते.

जुन्या मोटारींत वरच्या गिअरचे गुणोत्तर बहुधा १ असे. म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरत. ज्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षाही जास्त वेगाने फिरतो, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ०.७० गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह म्हणजे शाफ्टची एक फेरी आणि इंजिनाची फक्त ०.७० फेरी. मात्र पुढे ॲक्सल आहेच. ३.५५ गुणिले ०.७० म्हणजे सुमारे २.४९. इंजिन चाकापेक्षा अजूनही अडीच पट वेगाने फिरते. विद्यार्थ्यांच्या मनात इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हा गुणाकार फळ्यावर करून दाखवावा.

रस्ता बदलला

पुण्याहून मुंबईला जायचे तर बोरघाट चुकत नाही. चाकांच्या वाहनांसाठी या घाटातला रस्ता १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. १८६३ साली रेल्वे आली. तिचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. म्हणजे एकाच प्रवासात एकीकडे सपाट, सरळ, वेगाचा रस्ता आणि दुसरीकडे तोच जुना सह्याद्रीचा कडा, अशी स्थिती आता आहे.

या दोन रस्त्यांचा हिशेब करू. माणसे आणि सामान धरून मोटारीचे वस्तुमान १९०० किलो समजू. घाटाचा चढ १५ मीटरला १ मीटर मानला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १२४० न्यूटन बल लागेल. टायरच्या घर्षणासाठी आणखी सुमारे २८० न्यूटन धरू. ताशी ५० किलोमीटर वेगाने चढायला सुमारे २१ किलोवॅट शक्ती लागेल. आता सपाटीवर ताशी १०० किलोमीटर. तिथे चढ नाही, पण हवेचा विरोध मोठा. अशा जुन्या घडणीच्या मोटारीला तो ५३० न्यूटनच्या आसपास धरता येईल. टायरचे घर्षण मिळवून शक्ती येते सुमारे २३ किलोवॅट.

गंमत अशी की दोन्ही ठिकाणी लागणारी शक्ती जवळजवळ सारखीच आहे. पण सपाटीवर चाके दुप्पट वेगाने फिरतात. इंजिनाने तीच शक्ती त्याच सोयीच्या गतीला द्यायची असेल, तर मधले गुणोत्तर निम्मे व्हायला हवे. गिअरबॉक्स हवा तो यासाठी.

पेट्रोल वाचते ते कसे? २३ किलोवॅट म्हणजे सुमारे ३१ अश्वशक्ती. मित्राच्या मोटारीचे सहा सिलिंडरचे इंजिन शंभराहून अधिक अश्वशक्तीचे. सपाटीवर ते अर्धेसुद्धा कामाला लागत नाही. पण प्रत्येक फेरीत पिस्टन घासतात आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढावी लागते. हा खर्च फेऱ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. तेच काम कमी फेऱ्यांत करून घेतले तर खर्च घटतो. ओव्हरड्राइव्हचा फायदा एवढाच. तो नवी शक्ती निर्माण करत नाही, वाया जाणारी थोडी वाचवतो.

सूर्य, ग्रह आणि कडे

ही युक्ती ज्या चक्रांनी साधते त्यांना ग्रहीय दंतचक्रमाला म्हणतात. मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे, ग्रहांना धरणारी चौकट आणि सर्वांभोवती आतल्या बाजूने दाते असलेले कडे. सूर्याला २४ आणि कड्याला ६० दाते आहेत असे समजा. सूर्य घट्ट धरून चौकट एकदा फिरवली, तर कडे १.४ वेळा फिरते. इंजिन चौकटीला आणि शाफ्ट कड्याला जोडला की गुणोत्तर झाले १ भागिले १.४, म्हणजे सुमारे ०.७१. हा झाला ओव्हरड्राइव्ह. आता कडे धरा आणि सूर्य फिरवा. चौकट एकदा फिरायला सूर्याच्या ३.५ फेऱ्या लागतात. हा घाटाचा गिअर. चौकट धरून सूर्य फिरवला तर कडे उलटे फिरते. हा झाला रिव्हर्स. सगळे एकत्र जखडले की गुणोत्तर १. चक्रे तीच राहतात, एकमेकांतून निघतही नाहीत. फक्त कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे, एवढेच बदलते.

१९३४ साली अमेरिकेत क्रायस्लरच्या एअरफ्लो मोटारीत ओव्हरड्राइव्ह मिळू लागला. इंग्लंडमध्ये एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या रचनेचा आणि लेकॉक कंपनीने बनवलेला ओव्हरड्राइव्ह १९४८ साली स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत आला. हे साधन नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मागे जोडलेले असे.

आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मात्र १९५५ च्या शेवरोलेतच सापडले. त्या वर्षी ही मोटार तीन प्रकारच्या गिअरबॉक्ससह मिळे. साध्या तीन गतींच्या गिअरबॉक्सबरोबर ॲक्सल ३.७० चा. दोन गतींच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकबरोबर ३.५५ चा. आणि ओव्हरड्राइव्ह घेतला तर ॲक्सल ४.११ चा. कारखान्याने ओव्हरड्राइव्ह नुसता जोडला नव्हता. वरचा गिअर हलका केला तेव्हा मागचा ॲक्सल जड केला. ४.११ गुणिले ०.७० म्हणजे सुमारे २.८८. गिअरबॉक्स ही सुटी वस्तू नाही, इंजिन आणि ॲक्सल यांच्या मधली ती कडी आहे, हे त्या अभियंत्यांनी किमतीच्या यादीतच लिहून ठेवले होते म्हणा ना.

तेलातून जाणारी शक्ती

ऑटोमॅटिकचा जन्म मोटारीत नव्हे, जहाजात झाला. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरलेला बरा. ही अडचण सोडवताना जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ साली द्रवातून शक्ती नेण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे हवेऐवजी तेल असते. दोन भाग एकमेकांना चिकटलेले नसल्याने मोटार उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही. म्हणून क्लचचे पायडल लागत नाही.

अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारीत हायड्रामॅटिक आला. त्यात द्रवजोडणी आणि ग्रहीय चक्रमाला एकत्र आल्या. त्याला चार गती होत्या, पण चौथीचे गुणोत्तर १ होते. पेट्रोल स्वस्त होते, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. पॉवरग्लाइड १९५० साली आला तो तर दोनच गतींचा होता, आणि लोक समाधानी होते.

घाई केली ती १९७३ च्या तेलसंकटाने. १९७५ साली अमेरिकेत मोटारींच्या इंधनबचतीचा कायदा झाला. त्यानंतरच्या वर्षांकडे पाहा. टोयोटाचा ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक १९७७ साली, फोर्डचा एओडी १९८० साली, जनरल मोटर्सचा २००-४आर १९८१ साली आणि ७००-आर-४ १९८२ साली. चक्रमालेचे गणित कितीतरी आधीपासून माहीत होते. कमतरता होती ती गरजेची. याच सुमारास तेलातली घसरण टाळण्यासाठी सपाटीवर दोन्ही भाग एकमेकांना जखडणारा लॉक-अप क्लचही सर्रास वापरात आला. मित्रासमोर जे पर्याय होते ते याच पिढीतले.

आपल्याकडची अदलाबदल

अमेरिकन मोटारी आपल्याकडे परक्या नव्हत्या. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला मोटारी जुळवत असे. पुढे रस्त्यावर राज्य केले ते फियाट आणि अँबॅसॅडर यांनी. दोन्हींना चार गती आणि स्टिअरिंगजवळचा दांडा. पाचवा गिअर आपल्याकडे आला तो बहुधा इंजिनाचे बोट धरून. काँटेसा मोटार १९८४ साली आली तेव्हा तिच्यात अँबॅसॅडरचेच इंजिन होते. त्या जड मोटारीला ते अपुरे पडे. नंतर इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि त्याच्यासोबत पाच गतींचा गिअरबॉक्स. १९९० च्या दशकात हीच जोडी अँबॅसॅडरमध्येही बसली. प्रीमियरच्या ११८एनई मध्ये फियाटच्या सांगाड्यात निस्सानचे इंजिन आले, तेव्हा गिअरबॉक्सही निस्सानचाच आला. कारखान्यांनीसुद्धा गिअरबॉक्स एकटा बदलला नाही.

आणि ऑटोमॅटिक? पुणेकरांना त्याची सवय मोटारीने नव्हे, दुचाकीने लावली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ साली आली. तिला क्लच हाताने दाबावा लागत नसे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिच्यात दातेरी चक्रांऐवजी दोन कप्प्या आणि एक पट्टा होता. वेग वाढला की पुढच्या कप्पीचे दोन भाग जवळ येत, पट्टा परिघाकडे सरके आणि गुणोत्तर आपोआप बदले. कितीतरी शिक्षिका या स्कूटरवरून शाळेत गेल्या. उतारावर मात्र तिला खालच्या गिअरमध्ये टाकून आवरता येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

मग कोणता?

आता मित्राच्या मोटारीकडे येऊ. आधी ॲक्सल मोजायचा होता. मित्राने आठवीची दहा मुले बोलावली. मोटारीचे एक मागचे चाक उचलून पक्क्या आधारावर ठेवले, दुसरे जमिनीवरच राहू दिले आणि त्याला पाचर लावली. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला. शाफ्टवर खडूची खूण केली. उचललेले चाक हाताने वीस वेळा फिरवले. शाफ्ट साडेपस्तीस वेळा फिरला. एकच चाक फिरत असेल तर ॲक्सलमधल्या डिफरन्शियलमुळे शाफ्ट निम्माच फिरतो. म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांना शाफ्टच्या ३.५५ फेऱ्या. कारखान्याचा आकडा मुलांच्या हातून बाहेर आला. (१९५४ पर्यंतच्या शेवरोलेत शाफ्ट बंद नळीत असे. तिथे हा प्रयोगही जमत नाही आणि मागचा ॲक्सल न बदलता गिअरबॉक्सही बदलता येत नाही.)

चाकाचा प्रत्यक्ष परीघ २.१५ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला ७७५ फेऱ्या घेते. जुन्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाच्या सुमारे २७५०. ७००-आर-४ च्या ०.७० ने त्या होतील सुमारे १९२५. २००-४आर च्या ०.६७ ने सुमारे १८४५. फरक मोठा आहे. मेकॅनिकचे म्हणणे खोटे नव्हते.

दोघांत निवड करायची तर खालचे गिअर पाहावेत. ७००-आर-४ चा पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३. बदलताना इंजिनाच्या फेऱ्या एकदम ५३ टक्क्यांवर येतात. २००-४आर चे आकडे २.७४ आणि १.५७, तिथे फेऱ्या ५७ टक्क्यांवर येतात. घाटात ही पायरी जितकी लहान तितके बरे. दोन्हींत कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. पायडल किती दाबले आहे त्यावरून आतल्या तेलाचा दाब ती ठरवते. ती चुकीची जुळवली तर दाब कमी पडतो आणि आतले क्लच घसरून जळतात. तेल थंड करण्याची सोयही हवी. हे सगळे जमण्यासारखे होते.

पण मित्राने सहज एक गोष्ट सांगितली आणि मी थांबलो. मेकॅनिक म्हणाला होता, "स्टिअरिंगवरचा जुना दांडा तसाच ठेवू, शोभा राहील." त्या दांड्याजवळच्या पट्टीवर पाच अक्षरे आहेत: पी, एन, डी, एल, आर. नव्या गिअरबॉक्सला सात जागा लागतात आणि त्यांचा क्रमही वेगळा. जुन्या दांड्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची जागा नेमकी पकडता येईलच असे नाही. चालक गाडी डी मध्ये ठेवील आणि ती आपल्या मनाने चौथ्यात जाईल. सपाटीवर ठीक. खंडाळ्याहून खाली उतरताना?

हिशेब असा. लोणावळा-खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची उतरण आहे. १९०० किलोच्या मोटारीची तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा सुमारे एक कोटी ज्यूल. तीसएक लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला पुरेल एवढी! काही भाग हवा आणि टायर घेतील. उरलेली कुठेतरी उष्णता म्हणून गेलीच पाहिजे. खालच्या गिअरमध्ये इंजिन ती घेते. ताशी ४० किलोमीटरला पॉवरग्लाइडच्या खालच्या गिअरमध्ये, म्हणजे १.८२ गुणोत्तरात, इंजिन सुमारे २००० फेऱ्या घेऊन गाडी धरून ठेवते. चौथ्या गिअरमध्ये त्या होतील जेमतेम ७७०. तिथे इंजिनाचा अटकाव नावापुरता. मग सगळी ऊर्जा ब्रेकच्या चार ड्रममध्ये. ड्रम तापून फुगतात, अस्तरांची पकड सुटते आणि पायडल दाबूनही गाडी थांबत नाही. ‘उतारावर खालचा गिअर वापरा’ ही घाटातली पाटी भौतिकशास्त्राचाच नियम सांगते.

म्हणून मी मित्राला सांगितले, "दोन्हींत २००-४आर बरा. पण दांडा आणि त्याची पट्टी बदलणार नसाल, ब्रेक आधी नीट करणार नसाल, तर कोणताच नको."

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. म्हणून काम काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात हवे आणि त्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत. अशी नोंदणी घेतली की रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ठरवायचे हे की आजोबांची मोटार जपायची आहे की वापरायची आहे.

मित्राने पहिल्या वर्षी फक्त ब्रेक केले. गिअरबॉक्स अजून जुनाच आहे. दिवाळीत ते मुलांना घेऊन खोपोलीपर्यंत उतरून आले, सावकाश, दांडा एल वर ठेवून. वीस फेऱ्या मोजणाऱ्यांतली एक मुलगी मागच्या सीटवर होती. घरी आल्यावर तिने विचारले, "सर, ते एक कोटी ज्यूल आपण वाया का घालवले? चढताना परत नसते का वापरता आले?"

याच घाटातून आता विजेवर चालणाऱ्या बसही जातात. उतरताना त्यांची मोटर जनित्रासारखी चालते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. तिचा प्रश्न तुमच्या वर्गात विचारून पाहा. सोबत सायकल उलटी ठेवून दाते मोजायला सांगा, आणि आकडे मुलांनाच काढू द्या.